फेस रेकग्निशनची फुकट टूल्स: आयगनफेसपासून आर्कफेसपर्यंत, प्रोजेक्टला काय घ्यायचं आणि खऱ्या हजेरीला काय

दरवर्षी प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की डिप्लोमा असो की डिग्री, दोन-तीन ग्रुप तरी फेस रेकग्निशन अटेंडन्स सिस्टीम घेऊन येतातच. विषय चांगला आहे, माझ्या आवडीचा आहे, म्हणूनच हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितोय, कारण नेटवरच्या व्हिडिओत कोड कसा चालवायचा ते सगळे सांगतात पण कुठली पद्धत का घ्यायची ते कोणी नीट सांगत नाही. ही सगळी टूल्स मी लॅबमध्ये पोरांबरोबर बसून चालवली आहेत. आमची लॅब पश्चिमेला, दुपारी तीननंतर खिडकीतून सरळ ऊन आत येतं, साधा वेबकॅम, साधे लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड नाही. बहुतेक कॉलेजात हीच परिस्थिती असते त्यामुळे तुम्हालाही हे लागू पडेल.

आधीच सांगतो, ॲक्युरसीचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो. पहिल्यांदा एकच बघतो की समोर अनोळखी माणूस उभा राहिला तर सिस्टीमला 'हा मला माहीत नाही' म्हणता येतं का. ज्या क्लासिफायरला (म्हणजे फोटो बघून नाव ठरवणाऱ्या प्रोग्रामला) हे येत नाही तो कितीही हुशार असला तरी हजेरीला लावू नका, गेटला तर अजिबात लावू नका. पुढे प्रत्येक टूलचं मी याच मापाने बघितलंय.

एक गोष्ट क्लिअर करून पुढे जातो कारण व्हायव्हामध्ये इथेच गाडी अडते. चेहरा शोधणं वेगळं आणि चेहरा कुणाचा ते सांगणं वेगळं. हार कॅस्केड म्हणून जे सगळे वापरतात ते व्हायोला आणि जोन्स यांचं २००१ चं काम, ते फक्त फ्रेममध्ये चेहरा कुठे आहे ते सांगतं, नाव सांगत नाही. नाव सांगण्यातही दोन प्रकार आहेत. पेन्शनवाले आजी-आजोबा आता मोबाईलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला देतात, तिथे आधार नंबर आधीच दिलेला असतो, सिस्टीमला फक्त एवढंच तपासायचं असतं की हा चेहरा त्याच नंबरवाल्या माणसाचा आहे का. एकास एक. वर्गातली हजेरी म्हणजे एकास साठ, नाहीतर एकास तीनशे, आणि हे काम कितीतरी अवघड आहे, कसं ते पुढे हिशोब करून दाखवतो.

आता टूल्स. पहिलं ओपनसीव्ही या फुकट इमेज लायब्ररीचं फेस मॉड्युल, यात आयगनफेस, फिशरफेस आणि एलबीपीएच असे तीन रेकग्नायझर तयार मिळतात. लक्षात ठेवा, हे नेहमीच्या पॅकेजमध्ये नसतं, कॉन्ट्रिब वालं पॅकेज टाकावं लागतं, नाहीतर 'फेस नावाचं काही नाही' असा एरर येतो आणि पोरं दोन दिवस तिथेच अडकतात.

आयगनफेस सगळ्यात जुनं. सिरोविच आणि किर्बी यांनी १९८७ मध्ये पाया घातला, १९९१ मध्ये एमआयटीच्या टर्क आणि पेंटलंड यांनी त्याची ओळखणारी सिस्टीम केली. आयडिया अशी की ९२ बाय ११२ चा फोटो म्हणजे १०,३०४ आकड्यांची एक रांग, एवढ्या आकड्यांवर थेट तुलना करण्यात अर्थ नाही, म्हणून पीसीए लावायचं, म्हणजे सगळ्या फोटोंमध्ये जास्तीत जास्त फरक कुठल्या दिशांना पडतोय ते काढायचं, त्यातल्या वरच्या पन्नासेक दिशा ठेवायच्या आणि प्रत्येक चेहरा त्या पन्नास आकड्यांत लिहायचा. मग नवीन चेहरा आला की त्याचेही पन्नास आकडे काढून ज्याच्याशी अंतर सगळ्यात कमी त्याचं नाव. गणित शिकायला यासारखं टूल नाही, आयगन व्हॅल्यू पहिल्या वर्षी नुसत्या पाठ केलेल्या असतात, इथे त्या स्क्रीनवर भुतासारख्या धूसर चेहऱ्यांच्या रूपात दिसतात आणि पोरांचे डोळे चमकतात, मला ते बघायला फार आवडतं.

पण वापरायला? नाही. कारण पीसीएला 'जास्तीत जास्त फरक' हवा असतो, तो फरक माणसामाणसातला आहे की उजेडाचा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आमच्या लॅबमध्ये दुपारी ऊन आलं की सगळ्यात मोठा फरक उन्हाचाच असतो. मग दोन वेगळी पोरं खिडकीजवळ बसली की एकसारखी वाटायला लागतात आणि तोच मुलगा दाराजवळ बसला की परका होतो. वरचे तीन कंपोनंट, म्हणजे वरच्या तीन दिशा, टाकून द्यायची एक जुनी युक्ती आहे, उजेडाचा परिणाम बराचसा त्यांच्यात अडकलेला असतो म्हणून, तिने फरक पडतो पण पुरेसा नाही.

तरी मला टर्क-पेंटलंडच्या पेपरबद्दल खूप आदर आहे आणि त्याचं कारण सांगितलंच पाहिजे. त्यांनी नुसतं ९६ टक्के असं लिहून सोडून दिलं नाही. उजेड बदलला तर ९६ टक्के, डोकं तिरकं झालं तर ८५, चेहऱ्याचा आकार फ्रेममध्ये लहानमोठा झाला तर ६४, असं वेगवेगळं लिहिलं. आणि त्याच्याही पुढे जाऊन सांगितलं की एकही चूक होऊ नये इतका थ्रेशोल्ड, म्हणजे किती अंतरापर्यंत ओळखीचा धरायचा ती मर्यादा, कडक केला तर उजेडाच्या बाबतीत १९ टक्के, डोकं तिरकं असताना ३९ टक्के आणि आकाराच्या बाबतीत ६० टक्के वेळा सिस्टीम 'ओळखत नाही' म्हणते. १९९१ साली ही माणसं हे मोजून छापत होती! आज मशीन विकायला येणारे एवढं सांगत नाहीत. आयगनफेसला शिकण्यासाठी ५ पैकी ५, हजेरीसाठी १.

फिशरफेस याच्यावरचा उपाय म्हणून आलं, बेलहुमर, हेस्पान्हा आणि क्रीगमन, १९९७. इथे एलडीए वापरतात, म्हणजे एकाच माणसाच्या फोटोंमधला फरक कमीत कमी आणि वेगवेगळ्या माणसांमधला फरक जास्तीत जास्त दिसेल अशा दिशा शोधायच्या. उजेडाचा त्रास इथे खरंच कमी होतो, त्यांच्याच पेपरमध्ये येल डेटाबेसवर जवळून कापलेल्या चेहऱ्यांना आयगनफेसच्या चुका २४.४ टक्के आणि फिशरफेसच्या ७.३ टक्के. पण अट अशी की एका माणसाचे वेगवेगळ्या उजेडातले बरेच फोटो पाहिजेत, एकच फोटो असेल तर 'एकाच माणसातला फरक' काढणार कशाचा? आणि लेट ॲडमिशन झालेलं पोरगं आलं की सगळं ट्रेनिंग पहिल्यापासून, कारण आधीच्या मॉडेलमध्ये नवीन माणूस घालायची सोय ओपनसीव्हीत आयगन आणि फिशर दोघांनाही नाही. साठ जणांच्या वर्गाला फिशर जास्तीत जास्त ५९ दिशा देऊ शकतं, हा प्रश्न व्हायव्हाला हमखास विचारतात, लक्षात ठेवा. बाकी याच्यावर जास्त वेळ घालवायची गरज नाही.

एलबीपीएच मात्र मनापासून आवडतं. लोकल बायनरी पॅटर्नची मूळ कल्पना फिनलंडच्या औलू युनिव्हर्सिटीतली, चेहऱ्यासाठी ती आहोनेन, हदिद आणि पिएटिकायनेन यांनी २००४ मध्ये वापरली. यात पिक्सेलची किंमत किती याला महत्त्व नाही, शेजाऱ्यांपेक्षा कमी की जास्त एवढंच बघायचं. एक उदाहरण हाताने करून बघा, पोरांना मी वहीत हेच करायला लावतो. मधला पिक्सेल ९०. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने शेजारी १२०, ९५, ६०, ५५, ८८, ९१, १३०, १२५. जो ९० इतका किंवा जास्त त्याला १, कमी त्याला ०. झालं ११०००१११, म्हणजे दशमानात १९९. आता ढग बाजूला होऊन ऊन वाढलं आणि सगळ्यांच्या किमती २० ने वाढल्या, मधला ११०, शेजारी १४०, ११५, ८०, ७५ वगैरे. कोड काय येतो? परत १९९च. ज्या उजेडाने आयगनफेस आडवा होतो तो इथे गणितातूनच निघून जातो, दोन ओळींत, कुठलंही ट्रेनिंग न करता. मग चेहऱ्याचे आठ बाय आठ असे ६४ तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात कुठला कोड किती वेळा आला याचा २५६ खणांचा हिस्टोग्राम, सगळे एकापुढे एक जोडले की १६,३८४ आकडे, आणि काय-स्क्वेअर अंतराने (दोन हिस्टोग्राममधला फरक मोजायची एक रीत) तुलना. तुकडे करण्यामागचं कारण असं की डोळ्याचा कोड डोळ्याच्याच जागी मोजला जावा, हनुवटीत मिसळू नये.

रास्पबेरी पायवर आरामात चालतं, नवीन मुलगा आला की अपडेट करून तेवढाच जोडता येतो. त्रास कुठे होतो ते पण सांगतो. अर्धा चेहरा उन्हात आणि अर्धा सावलीत असेल तर नाकाच्या बाजूला जी सावलीची रेघ पडते ती चेहऱ्याचाच भाग समजली जाते, तिथले कोड बदलतात. मान तिरकी केली की तुकडे हलतात. श्रावणात दाढी न करणारी पोरं महिनाभरात इतकी बदलतात की हनुवटीच्या तुकड्यांचे कोड सगळे वेगळे येतात, आणि गाडीवरून स्कार्फ बांधून आलेल्या मुलींनी तो सोडला नाही तर विषयच संपला. फोटो घेताना एकाच दिवशी एकाच जागी पन्नास फोटो घेण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशी, सकाळ-दुपार, पाच-पाच घेतले तर निकाल कितीतरी सुधारतो, ओपनसीव्हीच्या तिन्ही पद्धतींना हे लागू आहे. एलबीपीएचला साडेतीन.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या तिन्हींचं प्रेडिक्ट फंक्शन ओळखलेल्या नावाबरोबर एक आकडा देतं, त्याला सगळे कॉन्फिडन्स म्हणतात. तो कॉन्फिडन्स नाही, ते अंतर आहे! जितकं कमी तितकं चांगलं. ८५ आलं म्हणजे ८५ टक्के खात्री असं पोरं रिपोर्टमध्ये लिहितात आणि कोणी विचारलं की अडकतात. आणि दुसरं, थ्रेशोल्ड तुम्ही दिला नाही तर डिफॉल्ट थ्रेशोल्ड जवळजवळ अनंत असतो, म्हणजे समोर कोणीही येऊ दे, सगळ्यात जवळचं जे कोणी असेल त्याचं नाव येणारच. एका वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर कॅमेऱ्यासमोर बसले आणि स्क्रीनवर हिरव्या चौकोनात वर्गातल्याच एका मुलाचं नाव आलं, अंतर शंभराच्या वर होतं तरी हजेरी लागली. सर चांगले होते, रागावले नाहीत, फक्त म्हणाले की मी कोण आहे हे याला माहीत नाही हे याला कळायला नको का? ग्रुपकडे उत्तर नव्हतं. उत्तर एका ओळीचं होतं, थ्रेशोल्ड द्यायचा आणि त्याच्या वर गेलं की 'अनोळखी' लिहायचं.

हाच प्रॉब्लेम सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतला एसव्हीएम (सपोर्ट व्हेक्टर मशीन नावाचा क्लासिफायर) लावणाऱ्यांचा, फक्त जास्त लपलेला. पीसीएचे आकडे किंवा पुढे सांगतो तसे एम्बेडिंग (डीप लर्निंगने काढलेले चेहऱ्याचे आकडे) घ्यायचे आणि वर एसव्हीएम लावायचा ही पद्धत खूप चालते, आणि एसव्हीएम आहे चांगलाच, दोन वर्गांमध्ये जास्तीत जास्त रुंद पट्टा सोडून सीमारेषा ओढतो, फोटो थोडे असले तरी निभावतो, मूळ पेपर कोर्टेस आणि वापनिक यांचा १९९५ चा. टेस्टमध्ये आकडे सुंदर येतात. पण त्याला साठ नावं शिकवली की त्याच्या दृष्टीने जगात साठच माणसं. ही अशी प्रश्नपत्रिका आहे जिच्यात 'वरीलपैकी नाही' हा पर्यायच छापलेला नाही. प्रोबॅबिलिटी काढली तरी ती साठ जणांतच वाटली जाते, बेरीज एक व्हायलाच पाहिजे, त्यामुळे परका माणूस सीमारेषेपासून लांब कुठेतरी पडला तर कधीकधी ९० टक्क्यांच्या वर आकडा येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं सिस्टीमला पक्की खात्री आहे. टेस्ट सेटमध्ये सगळे ओळखीचेच असतात म्हणून हे प्रोजेक्टच्या टेबलमध्ये कधीच दिसत नाही. माझं सगळ्या ग्रुपना एकच सांगणं असतं, टेस्टिंगला वर्गाबाहेरची माणसं आणा, शिपाईमामा, कँटीनवाले काका, दुसऱ्या ब्रँचची पोरं, आणि किती जणांना चुकून नाव मिळालं ते वेगळ्या रकान्यात लिहा. ज्या ग्रुपने हे केलं त्यांचं टेबल मला ९९ टक्क्यांच्या टेबलपेक्षा जास्त आवडतं.

के-निअरेस्ट नेबर, म्हणजे सगळ्यात जवळचे काही फोटो बघून नाव ठरवणारा, यापेक्षा साधा आणि माझ्या मते हजेरीसाठी जास्त प्रामाणिक, कारण त्यात अंतर उघड दिसतं, ते बघून नाही म्हणता येतं. पण त्यातही नुसतं बहुमत मोजलं आणि अंतर बघितलंच नाही तर परत तेच.

डीप लर्निंगने (बरेच थर असलेल्या न्यूरल नेटवर्कने) हे सगळं कसं बदललं ते समजून घ्या, नुसतं 'न्यूरल नेटवर्क भारी असतं' म्हणू नका. फेसबुकचं डीपफेस २०१४ चं, त्याचं ट्रेनिंग म्हणजे सरळ क्लासिफिकेशन, ४,०३० माणसांचे ४४ लाख फोटो आणि यातला हा कोण ते सांग. पण गंमत नंतर आहे. ट्रेनिंग झालं की नावं सांगणारा शेवटचा थर काढून टाकायचा, कारण त्या चार हजार माणसांशी आपल्याला काही काम नाही, त्याच्या आधीच्या थरात चेहऱ्याचं जे वर्णन आकड्यांत तयार होतं ते ठेवायचं. ते वर्णन जगातल्या कुठल्याही चेहऱ्याला लागू होतं. एलएफडब्ल्यू नावाची जी परीक्षा सगळे देतात, १३,२३३ फोटो, ५,७४९ माणसं, दोन फोटो दाखवून एकच माणूस आहे का विचारायचं, त्यात डीपफेसला ९७.३५ टक्के आणि माणसांना ९७.५३. दुसऱ्या वर्षी गूगलच्या फेसनेटने ९९.६३ केलं, त्यांनी तीन-तीन फोटो घेऊन शिकवलं, दोन एकाच माणसाचे आणि एक दुसऱ्याचा, पहिले दोन जवळ ओढायचे तिसरा लांब ढकलायचा, आणि अख्खा चेहरा १२८ आकड्यांत बसवला. २०१९ ला छापून आलेल्या आर्कफेसने परत क्लासिफिकेशनकडे वळून त्यात कोनाचं अंतर घातलं, म्हणजे बरोबर नाव ओळखून भागत नाही, बाकीच्यांपासून ठराविक कोनाइतकं लांब राहूनच ओळखलं पाहिजे अशी सक्ती. त्यामुळे एकाच माणसाचे फोटो घट्ट एकत्र बसतात आणि माणसांमाणसांत मोकळी जागा राहते. आणि त्या मोकळ्या जागेतच अनोळखी माणसाला ओळखत नाही म्हणायची सोय आहे. मला आर्कफेस आवडायचं खरं कारण हेच.

वापरताना काय मिळतं ते सांगतो. डीलिब आणि त्याच्यावरचं फेस_रेकग्निशन नावाचं पायथन पॅकेज सगळ्यात सोपं, १२८ आकडे, अंतर ०.६ पेक्षा कमी असेल तर एकच माणूस, चार ओळींत काम. एलएफडब्ल्यूवर ९९.३८. विंडोजवर इन्स्टॉल करताना सीमेक आणि व्हिज्युअल सीप्लसप्लसचे बिल्ड टूल्स आधी टाका, नाहीतर लाल अक्षरांची लांबच लांब यादी येते. पॅकेजच्या माहितीत त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की मॉडेल मोठ्या माणसांवर शिकवलंय आणि लहान मुलांवर नीट चालत नाही. म्हणजे झेडपीच्या शाळेत दुसरीच्या वर्गाची हजेरी घ्यायचा विषय कोणी घेऊन आलं तर मी हे टूल घेऊ देत नाही. ०.६ पण आमच्याकडे सैल वाटला, साठच्या वर्गात ०.५ च्या आसपास नेला की चुकीची नावं जवळजवळ थांबली आणि त्याबदल्यात काहींना दोनदा कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागलं. चालतंय की.

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला माझी पहिली पसंती आता ओपनसीव्हीतच आलेल्या युनेट आणि एसफेस या जोडीला, ४.५.४ व्हर्जनपासून आहेत, पहिलं चेहरा शोधतं दुसरं १२८ आकडे देतं, वेगळं काही कंपाइल करायला नको. यांच्या ट्युटोरियलमध्ये कोसाइनचा थ्रेशोल्ड ०.३६३ दिलाय, इथे उलटं आहे बरं का, कोसाइन जितका जास्त तितकं साम्य जास्त, डीलिबचा कोड कॉपी करून इथे चिकटवला की सगळं उलटं चालतं. साडेचार देईन. इनसाइटफेस याहून ताकदवान, आर्कफेसचीच मंडळी, ५१२ आकडे, तिरके चेहरे, लांबचे चेहरे, चष्मा, सगळं छान झेपतं. अर्धा गुण मी लायसन्ससाठी कापतो, कोड मोकळा आहे पण तयार मॉडेल्स फक्त बिगरव्यावसायिक संशोधनासाठी आहेत. कॉलेज प्रोजेक्टला प्रश्न नाही, पण तोच प्रोजेक्ट नंतर गावातल्या क्लासवाल्याला विकायचा विचार असेल तर ते पान आधी वाचा.

आता तो हिशोब. समजा मॉडेल इतकं चांगलं आहे की दोन अनोळखी माणसांना चुकून एकच म्हणण्याची शक्यता हजारात एक. ऐकायला मस्त वाटतं. पण गेटवर नवीन माणूस आला की त्याची तुलना एकाशी होत नाही, यादीतल्या प्रत्येकाशी होते. साठ जणांची यादी असेल तर कोणाशी तरी चुकून जुळण्याची शक्यता साधारण ६ टक्के. तीनशे जणांची असेल तर २६ टक्के! प्रत्येक तुलना स्वतंत्र धरून केलेला हिशोब आहे, खऱ्यात थोडं इकडेतिकडे होईल, पण दिशा हीच. चार अनोळखी माणसांतल्या एकाला दार उघडणार. म्हणून एकास एक चे आकडे दाखवून एकास तीनशे चं मशीन कोणी विकत असेल तर थांबा. सोपा उपाय पण आहे, आधी रोल नंबर टाइप करायला लावा किंवा आयकार्ड दाखवायला लावा आणि मग चेहरा फक्त त्या एकाशी जुळवा. दोन सेकंद जास्त लागतात, पण अवघड प्रश्नाचा सोपा प्रश्न होतो.

आणि एलएफडब्ल्यूचे ९९ चे आकडे कोणाच्या चेहऱ्यांवर आहेत तेही बघा. बातम्यांमधले प्रसिद्ध लोक, बहुतेक पुरुष, बहुतेक गोरे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष सांगणाऱ्या बाजारातल्या सिस्टीम तपासल्या तर गोऱ्या पुरुषांवर चूक एक टक्क्याच्या आत आणि सावळ्या-काळ्या बायकांवर ३४.७ टक्क्यांपर्यंत. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने २०१९ च्या डिसेंबरात ओळखणारे अल्गोरिदम तपासले, त्यातही बऱ्याच अल्गोरिदमना आशियाई आणि आफ्रिकन चेहऱ्यांवर चुकीचं जुळवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या १० ते १०० पट. सगळेच वाईट नव्हते, काही फार चांगले निघाले, म्हणूनच निवड महत्त्वाची. आपल्या वर्गातल्या पोरांवर, आपल्या उजेडात, आपला थ्रेशोल्ड आपणच काढायचा, दुसऱ्याचा आकडा उचलायचा नाही. काढायची पद्धत साधी आहे, एकाच मुलाच्या दोन-दोन फोटोंची अंतरं एका रंगात आणि वेगवेगळ्या मुलांची दुसऱ्या रंगात आलेखावर काढा, दोन डोंगर दिसतील, कुठे एकमेकांत शिरतात ते डोळ्यांनी दिसतं, थ्रेशोल्ड तिथेच ठरवायचा. जुळी भावंडं वर्गात असतील तर त्यांची अंतरं वेगळी बघा, ती बहुतेक दरीतच सापडतात, त्यांना सरळ बोटाच्या मशीनवर ठेवा.

तयार मशीनबद्दल थोडं. एका ठिकाणी लावलेलं भिंतीवरचं मशीन मी नीट बघितलंय, कंपनीचं नाव घेत नाही. वेग छान, रात्री इन्फ्रारेडने चालतं, डबा मजबूत. पण मोबाईलवर फोटो मोठा करून समोर धरला तर हजेरी लागत होती, आणि अंतर किंवा स्कोअर कुठेच बघायला मिळत नव्हता, फक्त 'व्हेरिफाइड'. थ्रेशोल्ड बदलायची सोय पासवर्डच्या मागे, तो विक्रेत्याकडे. ज्याची मजुरी त्या हजेरीवर ठरते त्या माणसाला चुकीची नोंद झाली तर पुरावा काय दाखवायचा? घेण्याआधी डेमोला मोबाईलवरचा फोटो धरून बघा, बाहेरचा माणूस उभा करून बघा, आणि प्रत्येक नोंदीबरोबर स्कोअर सेव्ह होतो का विचारा. उत्तर गोलमोल आलं तर पैसे देऊ नका.

शेवटचं परवानगीचं, आणि हे प्रोजेक्टवाल्यांनी पण वाचायचंय. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे मूल धरलेत आणि त्यांच्या डेटासाठी पालकांची संमती लागते. दहावीनंतर डिप्लोमाला आलेली पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं बहुतेक यातच येतात. त्यामुळे आता आम्ही फोटो घ्यायच्या आधी एक पानाचा मराठी फॉर्म घरी पाठवतो, त्यात काय साठवणार, किती दिवस, कुणाला दिसणार ते लिहिलेलं असतं, आणि जे नाही म्हणतील त्यांची हजेरी वहीत, एकही प्रश्न न विचारता. मूळ फोटो ठेवायची गरजच नसते, एम्बेडिंग काढून झालं की फोटो उडवून टाका, पण एम्बेडिंग पण त्या मुलाचीच खूण आहे, तीही लॅबच्या कॉमन पीसीवर ओपन फोल्डरमध्ये ठेवू नका. बॅच पास झाली की ती फाइल डिलीट करायची जबाबदारी कोणाची ते फॉर्मवरच नावासकट लिहा, आमच्याकडे ते काम प्रोजेक्ट गाइडचं आहे.